अडीच आटे

विटा नगरपरिषद, सर्वसाधारण सभा,
विषय क्रमांक अकरा :
व्हॉल्व्हमन श्री. लालासो नदाफ
नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत असल्याने
त्यांच्या अभिनंदनाचा ठराव करणे.
सूचक तारळेकर, अनुमोदक सौ. गुळवणी.
आधीच्या दहाव्या विषयावर, मटण मार्केटच्या पत्र्यावरून,
सव्वा तास भांडण झालं होतं,
त्यामुळं अकरावर कुणी बोललं नाही.
मी लिहिलं : चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.
'चर्चेअंती' माझ्या पेनातून आपोआप उतरतं,
चर्चा नसली तरी.

मग पाणीपुरवठ्याचे सोनमळे साहेब उठले,
म्हणाले, नकाशा सापडत नाही.
तो वाळवीनं खाल्ला की मागच्या साहेबांनी नेला
हे दप्तरी नमूद नाही.
गावाच्या पोटातले त्रेसष्ट व्हॉल्व्ह
एकट्या नदाफला ठाऊक.
सभागृहानं माझ्याकडं पाहिलं,
कारण माझं अक्षर चांगलं आहे.

पहाटे साडेतीन. यंत्रमागांची रात्रपाळी चालू,
भिंतीभिंतीतून खटखट.
लालासोच्या खांद्यावर पुरुषभर लोखंडी चावी,
माझ्या काखेत रजिस्टर, दातात टॉर्च.
"लिव्हा," तो म्हणाला,
"चिंचेपासनं सात पावलं."
चिंच कुठाय?
"व्हती. आता मोबाईलचं दुकान हाय.
पण पावलं चिंचेपासनंच मोजायची."

"टपालपेटीम्होरं एक. पेटी काढली.
ह्या पायरीखाली एक. पायरी हाय,
माणसं गेली कोईमतूरला, सोनं गाळायला.
ह्यो उलटा फिरतो, बसवणारा प्यालेला व्हता.
आन् ह्यो शिवी दिल्याबिगर हलत न्हाई."
त्यानं दिली. हलला.
शेऱ्याच्या रकान्यात ती शिवी मावेना.

प्रत्येक ठिकाणी चावीच्या दांड्याला कान लावून
तो पाणी ऐकायचा,
परक्या गावी दिलेल्या लेकीची खुशाली ऐकावी तसा.
मीही कान लावला.
मला मागांची खटखटच ऐकू आली.

शेवटी पाथरवट वस्तीचं वळण. बासष्टावा.
"कागदावर हितं अर्धा तास हाय. मी पाऊण धरतो.
वर अडीच आटं जादा. चढ हाय, टोक हाय.
हे नगं लिव्हू."
मी पेनाला टोपण लावलं.
आणि त्रेसष्टावा?
"त्यो मलाबी घावला न्हाई. एकतीस वर्सं झाली."
पहाटेचा तो हसला तेव्हा
कुठंतरी एक कुत्रं उगाच भुंकलं.

शाल, श्रीफळ, स्टीलचा डबा.
चावी जमा करून घेतली, पोच दिली :
'लोखंडी चावी, नग एक, जुनी.'
ठेकेदाराचा नवा पोरगा रजिस्टर वाचतो,
विचारतो, सात पावलं म्हणजे किती मीटर?
नदाफची उंची सेवापुस्तकात आहे,
पाऊल नाही.

तीन आठवड्यांनी आवक क्रमांक २१८४.
पाथरवट वस्तीच्या बायका, बावीस सह्या, अकरा अंगठे :
पूर्वी पाणी येत होते. आता कळशी भरत नाही.
साहेबांचा शेरा : वेळापत्रकाप्रमाणे पाणी सोडले जाते.
अर्ज निकाली.
खोटं काय आहे त्यात?
वेळापत्रक मीच टाइप केलंय.

अर्ज फाइलला लावताना
एक अंगठा दोनदा उठलेला दिसला,
पहिला पुसट आला म्हणून
कुणीतरी पुन्हा दाबलेला, जोर लावून.

ऑफिस सुटल्यावर रजिस्टर उघडलं.
ओळ बासष्ट, शेरा कोरा.
ज्याचा ठराव कधी झालाच नाही
त्यासाठी आमच्याकडं एक शब्द आहे.
लिहिला :
वहिवाटीप्रमाणे पाऊण तास. अडीच आटे जादा.

शाई फारच ताजी दिसत होती.
रजिस्टर तसंच उघडं पंख्याखाली ठेवलं
आणि चहाला गेलो.